तळ्यापासून शिखर, वीस मिनिटं

आता तुम्हीच सांगा, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला वीस मिनिटांचा रस्ता चढायला सव्वा तास लागला, तर चूक माणसाची की मिनिटांची? हसताय काय? तळ्याकाठी तशी पाटीच आहे, हिरवी, बाणासकट... आणि तुम्हाला सांगतो, ती पाटी आमच्याच नकाशा कचेरीची, आणि आकडा माझा! तेरा वर्षांपूर्वी टेबलावर नकाशा पसरून, दोरा लावून, दोरा पट्टीवर मोजून मीच काढलेला. दोऱ्याला चढ कळतो का हो? दोऱ्याला दम लागतो का? आणि इतकी वर्षं एकानं तक्रार केली नाही, सगळे आपापल्या गुडघ्यांना दोष देत उतरले.

तर झालं असं, साहेबांच्या डोक्यात आलं की नव्या मुख्य आरेखकाचं नाव ऑफिसात नाही, शिखरावर जाहीर करायचं. का, तर "देखावा छान आहे." नाव काय देखाव्याला ऐकवायचं होतं? नंबर माझा होता, सरळ सरळ माझा. एकोणतीस वर्षं मान मोडून रेघा ओढल्यात. बायकोनं आदल्या दिवशीच मेहुणीला कळवलं होतं, आणि मेहुणीला कळवलं म्हणजे... जाऊ द्या.

निघालो. साहेब पुढून, "चला चला, वीस मिनिटं तर आहेत." मी म्हटलं, हो साहेब. दुसरं काय म्हणणार, मिनिटं माझीच ना? पहिल्या वळणावर धाप लागली, दुसऱ्यावर गुडघा बोलायला लागला, तिसऱ्यावर मी दगडावर बसलो तो बसलोच. तेवढ्यात माझ्या हाताखालचा, ज्याला पेन्सिल धरायला मी शिकवलं, तो मागे आला. "सर, बॅग देता का?" काय तो गोड आवाज. दिली. बॅग गेली वर, तोही गेला वर... आणि मी आपला झुडपं धरत, मनात भाषण घोकत. त्यात बायकोचे आभार दोनदा होते.

पोचलो तेव्हा टाळ्या संपत आल्या होत्या. कुणासाठी? बॅगवाल्यासाठी! साहेब म्हणाले, "मनात दोन नावं होती हो, म्हटलं बघू वेळेवर कोण येतंय. वीस मिनिटांचा तर रस्ता." एकोणतीस वर्षं, आणि निकाल वीस मिनिटांवर. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. सगळे तळ्याचे फोटो काढत होते, मी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी नव्या मुख्य आरेखकाचा पहिला हुकूम, "सर, ती पाटी चुकलीय वाटतं. तुम्हीच चालून मोजता का?" मोजलं. तीन रविवार, घड्याळ हातात धरून. धडधाकट माणसाला पन्नास मिनिटं. तसं सहीनिशी लिहून दिलं. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पन्नास लिहिलं तर चढणार कोण? वीसच राहू द्या."

मग काय... राहू दिलं.