हॉलमधली बैठक

वाशीमच्या बसस्थानकात शीला रिठदच्या गाडीची वाट पाहत होती. फर्निचरच्या दुकानातून आलेली एक म्हातारी आणि तिचा मुलगा शेजारी बसले, तशी शीला कान देऊन ऐकू लागली.

"माय, नव्या हॉलमंधी सोफा नोको. खाली गाद्या टाकू, लोड ठेवू."

"काहून?"

"शहरात आता सारे खालीच बसून राह्यले. लय भारी दिसते."

"प्रसेनजित, मी पाटलाच्या अंगणात चाळीस साल खालीच बसली. कोनी भारी म्हनलं नाही."

मग त्यानं दुकानात फोन लावला.

"भाऊ, गाद्या राहू द्या. हातवाली खुर्ची हाये का? उंच पाह्यजे. हो, एकच."

"एक कायले? दोन सांग."

"दुसरी कोनाले?"

"पाटलीनबाई घर पाह्यले येनार हाये. तिले खाली बसवशीन का?"