वक्तशीर आणि मनमिळाऊ

— नाही नाही, तशी घाईघाईत जाऊ नकोस, बस जरा. पत्र तयार आहे, हे काय, पाकिटात. दिल्लीच्या विद्यापीठाची मुदत आज पाचपर्यंत, माहितेय मला, सकाळपासून चार मेसेज केलेस — सर, आंबिवलीहून निघाले, सर, कल्याण आलं — अगं, मी काय पळून जातोय? एकवीस वर्षं कोपरीत याच खोलीत क्लास घेतोय. सुरुवातीला लोक खालची पाटी वाचून वर यायचे आणि विचारायचे, परराष्ट्र धोरण म्हणजे पासपोर्टचं काम होतं का इथे? भिंतीकडे काय बघतेस, सांगतो ना.

मागच्या पेपरात तू लिहिलंयस, राष्ट्र आपलं हित बघून निर्णय घेतं. मी दहापैकी चार दिले, तू गाल फुगवलेस. राष्ट्र म्हणजे कोण गं, सान्वी? बंद खोलीतली पाच माणसं. एकाची शुगर वाढलेली, एकाला रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले, आणि एक असा असतो, ज्याला समोरच्याने सात वर्षांपूर्वी चारचौघांत ताटकळत उभं केलेलं असतं — धोरण तोच लिहितो. बाकीचे मान हलवतात. हितबित नंतर प्रसिद्धीपत्रकात घालतात.

हुशार आहेस, त्यात वाद नाही. भाषा तर तू पहिल्याच आठवड्यात उचललीस. ‘चर्चा मोकळेपणाने झाली’ म्हणजे? बरोबर, भांडण झालं. ‘सूचनेची नोंद घेतली’ म्हणजे केराची टोपली. आणि माझा नियम — काय लिहिलंय ते नंतर, काय लिहिलेलं नाही ते आधी वाचा. मीच म्हटलं, उदाहरणं शोधून आणा. आर्यनने पेपरातलं कात्रण आणलं, क्षिप्राने कुठलंसं संयुक्त निवेदन आणलं. तुला लांब जायची गरजच पडली नाही. तू उठलीस आणि माझ्या भिंतीकडे बोट केलंस.

माझ्या गाईडनी दिलेलं शिफारसपत्र होतं ते. एकतीस वर्षांपूर्वीचं. नवीन लग्न झालेलं तेव्हा सरोजने फ्रेम करून दिलेली — हो, आपली सरोज मॅडम, बाहेर हजेरी घेते तीच. प्रत्येक बॅचला दाखवायचो मी, बघा, एवढ्या मोठ्या माणसाने माझ्याबद्दल काय लिहिलंय. तू ते मोठ्याने वाचलंस, खणखणीत — वक्तशीर, मनमिळाऊ, अक्षर वळणदार, वडीलधाऱ्यांचा आदर करतो. मग म्हणालीस, सर, यात अभ्यासाबद्दल एक शब्दही नाहीये, म्हणजे तुमच्या नियमाने याचा अर्थ, ह्याला घेऊ नका. वर्ग हसला. मीही हसलो — पाहिलंस ना? सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. शाब्बास म्हटलं. गुरूची विद्या गुरूला. आणि तू खाली बसून डबा उघडलास.

तीन ठिकाणी पाठवलेलं मी ते. त्यातलं एक दिल्लीलाच. तिन्हीकडून नकार. मला वाटायचं इंग्रजी कमी पडलं, ओळख कमी पडली — आई तर मरेपर्यंत माझ्या पत्रिकेला बोल लावत होती. त्या दिवशी सरोज दारात उभी होती, रजिस्टर घेऊन. ती हसली नाही. घरी गेल्यावर मी विचारलं, तू का नाही हसलीस? तर म्हणते, फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधीच वाचलेलं मी. एकतीस वर्षं, सान्वी. आणि रोज फडक्याने काच पुसायची ती… जाऊ दे. ते तुला सांगायचं काही कारण नव्हतं.

घे. उघड पाकीट. वाच, मोठ्याने — त्या दिवशी वाचलंस तसं. हं. ‘कुमारी सान्वी वक्तशीर आहे.’ पुढे. ‘मनमिळाऊ आहे.’ थांबलीस का? ‘अक्षर वळणदार आहे’ — खोटं आहे का? एक शब्द खोटा लिहिलेला नाही मी. तुझा तो शेजारी देशांवरचा निबंध, अख्ख्या एकवीस वर्षांत तसा माझ्या हातात आला नाही. तो यात नाही. तुझे वडील आले होते ना मध्ये, वागळे इस्टेटमधून, कामाच्या कपड्यांत, चप्पल जिन्याखाली काढून वर आले — पोरीचं तेवढं बघा म्हणाले. त्यांच्यासाठी म्हणून ‘वडीलधाऱ्यांचा आदर करते’ हे वाक्य मुद्दाम घातलं.

फाडून काय होणार? ती प्रत आहे. मूळ पत्र काल दुपारीच मेल केलं, थेट विद्यापीठाला, तसंही चालतं त्यांना. आणि तिथली माणसं ही भाषा तुझ्यामाझ्यापेक्षा चांगली वाचतात. सॉरी म्हणू नकोस. तू चूक केलीच नव्हतीस, तुझं वाचन बरोबर होतं, तेच तर.

डोळे पूस. फ्रेम हवी तर घेऊन जा, खाली टेबलामागे ठेवलीये, काच शाबूत आहे, दोन्ही पत्रांचं माप एकच आहे. नको? बरं. आणि हे बघ — बाहेर सरोज विचारेल, सरांनी पत्र कसं दिलं. छान दिलं म्हण. तेवढंच म्हण, जास्त बोलू नकोस. नीघ आता, दोनची बॅच आत यायचीय.