निळी काच मी दिली होती

सन्माननीय अध्यक्ष हंबीरराव, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजचे सत्कारमूर्ती रसूलभाई, आबेदावहिनी आणि समस्त लोणंदकर बंधुभगिनींनो,

हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो, म्हणून रसूलभाईंच्या फोटोकलेवर चार गोड शब्द बोलायला मला उभं केलं आहे. पण उद्या सकाळच्या गाडीनं ते कायमचे बेळगावला निघाले. गोड बोलायला आता वेळ आहे कुठं?

ते का निघाले, हे तुम्ही सारे जाणता. त्रेचाळीस साली राहीबाईंचा अर्जुना फौजेत गेला. जाताना त्याचा फोटो यांनी काढला. धुताना फोटोची काच सगळी काळी पडली, आणि अर्जुना लढाईतून परत आला नाही. "रसूलकडं फोटो? काळं फासून घ्यायचंय व्हय रं?" हा टोमणा या सभागृहातल्या किती जणांनी मारला?

आता खरं ऐका. त्याच टंचाईच्या दिवसांत, फोटो धुवायच्या त्यांच्या अंधारखोलीतल्या कंदिलाची तांबडी काच फुटली; तांबड्या उजेडानं फोटो बिघडत नाही. दुसरी कुठं मिळेना. ते शाळेत आले. "गुरुजी, तुमच्याकडं निळी हाय. चालंल का?"

मी म्हणालो, "वात बारीक ठेवा. मिणमिणत्या उजेडानं काय होतंय?"

"तुमी शिकल्यालं. तुमी म्हणताय तर झालं."

शिकलेला! सांगलीच्या कॉलेजात हेच घोकून मी पास झालो होतो. उजेड सुट्या सुट्या कणांनी येतो. लहर लांब, तर कणात ऊर्जा कमी. लहर निम्मी, तर ऊर्जा दुप्पट. निळ्याची लहर आखूड, म्हणून त्याच्या एका कणात तांबड्याच्या जवळजवळ दीडपट जोर. वात बारीक केली की कण कमी होतात, एकेकाचा जोर नाही. ओढा रुंद असला की तोकड्या उडीचे हजार गडी पाण्यात पडतात, दमदार उडीचा एकटा पलीकडं जातो. फोटोच्या काचेवरच्या चांदीच्या लेपाला काळं करायला थोडे निळे कणही पुरले, आणि अर्जुनाचा फोटो गेला.

तीन वर्षं रसूलभाईंनी माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

दर बाजारी राहीबाई त्यांच्या पायरीवर बसतात. "रसूलभाऊ, माजा अर्जुना कसा बसला हुता, सांगा की." रसूलभाई सांगतात: मान जरा उजवीकडं, भुवईवर खोक. गेल्या बाजारी मी ऐकलं, त्या म्हणाल्या, "आवं, आज हसू न्हाई सांगितलं तुमी."

कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून तो चेहरा निरखून पाहिलेला गावात हा एकच माणूस आहे. तो गेला, तर या माउलीनं कुणाला विचारायचं? मला? मला त्याचा हजेरी क्रमांक आठवतो हो, चेहरा आठवत नाही!

रसूलभाई, हात जोडतो, जाऊ नका. वहिनी, बांधलेलं सामान मी स्वतः सोडून लावतो. गावानं टोमणे मला मारावेत.

आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. अध्यक्षमहाराज, निरोपाला उभा राहून मी निरोप दिला नाही, एवढी चूक पोटात घाला. आधीची मात्र घालू नका.