साफ आवाजाची कॉपी

नाई, बसा ना अन्नपूर्णाबाई, उठता काऊन — अजून एकदा पाहतो तुमचं मेमरी कार्ड. दोनदा पाह्यलो, तिसऱ्यांदा पाह्यल्यानं काय बिघडते? हे पाहा, सारे दिवाळीतले गाणे. मीच भरून देल्लो ना तुमच्या घरच्या सुकलूभाऊले — आन् नवीन भराचं म्हणजे जुनं पुसा लागते, जागा कुठी राह्यते कार्डात. तुमच्या गावचे सारे कार्ड आलापल्लीत माझ्याच दुकानात भरते, म्हणजे पुसलेही माझ्याच हातानं. सोमारीबाईचं लग्नातलं गाणं, पुरे बावीस कडवे — माय तुमची गेली तवा मी मनात म्हणलो, चला, गाणं तरी नेटवर आहे. तुमच्या दिव्याचं लग्न परवा, मालूम आहे मले. पोरी गाणं ऐकून शिकतो म्हणतात, म्हाताऱ्या बाया अर्ध्यावर अटकतात, सारं सांगतलं तुमी.

कंपुटरात? कंपुटरात नाई आता. तिकडं एका दुकानात गाण्याच्या कंपनीचे लोक पोलीस घेऊन आले — सिनेमाचे गाणे कार्डात भरून देते म्हणून — कंपुटरचा डब्बाच उचलून नेला. घाबरलो बाई मी. आमच्या घरची साबिरा म्हणे, आधी घर वाचवा, मग दुकान पाहा. सिनेमाचं कोणतं, सोमारीबाईचं कोणतं, हे निवडत बसाले धीर कोणाले? सारं पुसलो, मोबाईलातलंही. नेटवर आहे ना, म्हणलो.

नेटवरचं आपोआप गेलं. म्हणजे — आपोआप नाई. एका कंपनीची तक्रार आली, हे गाणं आमचं आहे म्हणून. तुमच्या अंगणात बसून मी रेकार्ड केलो, मागं कोंबडा आरवते त्याच्यात, आन् गाणं त्यांचं. त्यांनी नवं गाणं बनवलं — चार ओळी तुमच्या मायच्या घेतल्या, मग धाडधाड बाजा, मग शहरातली एक पोरगी गाते. लाखो लोकं ऐकून राह्यले. काय पाहता अशा? त्यांच्याकडं साफ आवाज कुठून आला, हेच ना? मी नेटवर टाकलो त्याच्यात तर दर दोन कडव्याले माझं बोलणं होतं — जाफर मोबाईल, आलापल्ली. सारे दुकानवाले टाकतात तसं, नाई तर दुसरा आपलं म्हणून खपवते. त्यांच्या गाण्यात ते नाई.

मीच देल्लो, बाई. त्याच कंपनीचा फोन आला होता आधी, लई गोड बोलून राह्यला होता माणूस — जाफरभाई, मोठं काम केलं तुमी, तुमचं नाव देऊ, फक्त दुकानाचं बोलणं नसलेली साफ आवाजाची कॉपी पाठवा, आन् आमची हरकत नाई एवढं लिहून द्या. लिहून देल्लो. अल्लाची शपथ, पैसा नाई मागितलो — नावाचा लोभ. सोमारीबाई तवा जिती होती. विचारलो नाई तिले. तिले विचारा लागते, हेच डोक्यात आलं नाई, आता शरम वाटते.

भांडता येत होतं, हो. तक्रार खोटी आहे म्हणाले नेटवर फारम होता. त्याच्यात विचारते, गाण्याचा मालक कोण. काय लिहू? सोमारीबाई म्हणे मले मायनं शिकवलं, मायले तिच्या मायनं — आन् फारमात रकाना एकच. खाली लिहून होतं, खोटं निघालं तर कोर्ट. माझ्या हातचं लिहिलेलं त्यांच्यापाशी. मी 'तक्रार मान्य' दाबलो. म्हणतात, कायदा कलाकाराच्या भल्यासाठी आहे — कोणत्या कलाकाराच्या, ते मले कोणी सांगतलं नाई. पुरं गाणं आहे ना त्यांच्याकडं, बावीसच्या बावीस कडवे. आता त्यांच्याचकडं आहे. तीनदा फोन लावलो, पाया पडतो म्हणलो. तो माणूस आता वकिलाकडून मागा म्हणते.

तुमाले किती येतात? सहा? मंग म्हणा ना, तेवढे तरी वाचतील, पोरीही तेवढे म्हणतील — हो, असंच. असंच होतं. अगदी मायचाच आवाज आहे तुमचा — काऊन थांबल्या? हा? हा मोबाईल? अवो बाई, हाताले सवय आहे, मी रेकार्ड नव्हतो करून — बरं, करून राह्यलो होतो. बंद केलो. ड्रावरात ठेवलो, पाहा. आता म्हणा. दिव्यासाठी म्हणा ना. चालल्या काऊन? बाई —

काय पाह्यजे भाऊ तुमाले? रिचार्ज? पुढं पाहा दुसऱ्या दुकानात. इथी बंद आहे.