शेवट ठावं नसलेली कादंबरी

केजची जीप भरल्याबिगर हलत न्हाई, म्हणून मी बसल्या बसल्या भाचीची कादंबरी काढली. त्यातली कॉलेजातली पोरगी डोक्याला मार लागून सगळं विसरते. शेजारी एक फळवाले चाचा बसलेले. तेबी वाचायला लागले की! मधीच म्हणले, “थांबा, पान उलटू नका.”

जीप निघाली, चाचांचं गाव आलं. उतरताना दार धरून म्हणले, “शेवटी पोरीला आठवतं का?”

आता काय सांगू? मागच्याच महिन्यात वाचलेली. लई पुचाट होती, एवढंच ध्यानात. शेवट काय केल्या आठवंना, म्हणून तर परत उघडलेली. तसं सांगितलं.

चाचांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग ड्रायव्हरला हळूच म्हणले, “भाऊ, ह्यांना ध्यान ठेवून गावात उतरवा. त्यांना आठवायचं न्हाई.”