जावयाची मान

...आणि वर मलाच विचारतात, तुम्ही मान चोळलीच कशाला? आता तुम्हीच सांगा, न्हाव्यानं मान चोळायची नाही तर काय वकिलानं चोळायची? बत्तीस वर्षं दुकान चालवतोय, माझ्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक मान हलकी करून घेतल्याशिवाय उठत नाही, आणि हा तर घरचा जावई, एकुलत्या एका लेकीचा नवरा, लग्नाला उणेपुरे आठ महिने झालेले... त्याला काय 'नंबर लावा' म्हणू?

बरं, सुरुवात कशानं झाली? घशानं. तुम्हाला सांगतो, साधा घसा होता हो. सव्वीस वर्षांचा गडी, दिवसभर झेरॉक्सची मशीनं खोलून बसतो, त्याचा घसा दुखायला लागला, गिळवेना. कुणाचा दुखत नाही? आमची ही म्हणाली, 'मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, जावईबापू.' औषधाच्या दुकानातल्यानं काउंटरवरनंच चार गोळ्या पुडीत बांधून दिल्या. मी म्हटलं, बोलणं कमी करा. तो तसाही बोलत नाही. रुसणं नाही, फुगणं नाही, ताटात दगड वाढला तरी 'छान झालंय' म्हणून उठणार. गुणी जावई मिळाला म्हणून मी गावभर सांगत सुटलो होतो, आणि तो गुणच आमच्या मुळावर आला.

पाचव्या दिवशी घसा निवळला आणि सहाव्या दिवशी गडी हुडहुडत माझ्या दुकानात. 'बाबा, मान जरा आखडलीय. डावीकडं.' हात लावला तर चटका बसावा इतका ताप. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? दवाखाना गाठला असता. मी तेल गरम केलं.

जबड्याखाली बोटं फिरवली तर दोरीसारखं ताठ काहीतरी लागलं. म्हटलं, शीर आखडलीय. बत्तीस वर्षांचा हात आहे, शीर लगेच कळते. आणि शीरच होती बरं का, तेवढं माझं बरोबर निघालं. चांगली पंधरा मिनिटं दाबली, वरून खाली, खालून वर, आणि हा दात आवळून बसलेला, डोळ्यांत पाणी, तरी काय म्हणतो? 'बरं वाटतंय, बाबा.' अरे ओरडायचं ना! ओरडला असता तर थांबलो असतो मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन. 'बाबा, ह्याला श्वास घेता येत नाहीये.'

मोठ्या इस्पितळात नेलं, रक्त काढलं, स्कॅन काढला, आणि डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, 'मानेच्या शिरेत गुठळी आहे, तिच्यात जंतू आहेत, आणि तिचे तुकडे फुप्फुसात गेलेत.' मी म्हटलं, 'बाई, पण साधा घसा होता हो.' त्या म्हणाल्या, 'तिथूनच शिरलेत.' जंतूचं नाव फ्युजोबॅक्टेरियम. तेवढं नाव कळायलाच चार दिवस गेले, कारण स्वारीला हवा चालत नाही म्हणे, प्रयोगशाळेत बिनहवेचं ठेवावं लागतं, मग कुठं सावकाश उगवते. आणि राहतो कुठं हा? आपल्याच तोंडात! तुमच्याही असेल, हसू नका. भावकी मोठी आहे त्याची. कुणी हिरड्या पोखरतो, कुणी पोटात उपद्रव करतो, आमच्या वाट्याला घशातला आला. जन्मभर भाडेकरूसारखा गपगुमान राहतो आणि एखाद्याचंच घर पाडतो. 'विस्मरणात गेलेला आजार म्हणतात याला,' बाई म्हणाल्या. सगळं जग विसरलं, आणि याला नेमका आमचा पत्ता आठवला.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण पोटात ठेवून अन्न उतरेना. 'बाई, मी मान दाबली होती. त्यानं झालं का?' बाईंनी चष्मा काढला. 'तुकडे तसेही सुटतात. तुमच्यामुळेच झालं, असं म्हणता येणार नाही.' मी हात जोडणार, तोच पुढे म्हणतात, 'तुमच्यामुळे झालं नाही, असंही म्हणता येणार नाही.' आता हे घेऊन माणसानं कुठं जायचं?

अकरा दिवस तो काचेपलीकडं, तोंडाला नळ्या. लेक बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्याला, मध्ये तिची पर्स. बोलली एकदाच. 'बाबा, तुम्ही हात कशाला लावलात?' साधा घसा होता, हे सांगणार? लहानपणी हिचे केस मीच कापायचो, माझ्या हाताखाली डोळे मिटून बसायची. मला हे हात कुठं ठेवावेत तेच कळेना. मांडीखाली घेऊन बसलो. फार वाईट दिवस होते ते, खोटं कशाला बोलू.

वाचला. कितीतरी आठवडे औषधं चालली, अजून एक जिना चढला की कठड्याला धरून थांबतो, पण वाचला. लेकही बोलते आता. हवापाण्याचं बोलते.

फक्त दिवसभर मशीनवर वाकून मान दुखली, की ती त्याला पलीकडच्या दुकानात घेऊन जाते. डॉक्टरला विचारून, माझ्या दारावरून. पलीकडच्याला मान धरता येत नाही, कणीक मळल्यासारखी मळतो. हा बिचारा सगळं सोसतो, आणि परतताना ती दोन पावलं पुढं गेली की माझ्या दारात थांबून हळूच म्हणतो, 'बाबा, त्याला तुमच्या हाताची सर नाही हो.'

मी म्हणतो, 'नाही ना? मग जावईबापू, तिथंच जात जा.'