अखाजीचं दुसरं ताट

—नाई, नाई, असं नाई वं लिला! काडी फिरव, कनीक नोको फिरवू. कनकीची वात बारीक कर, काडीले गुंडाय, आन् मंग काडी अलगद ओढून घे— हां, आता जमलं. तुह्या मायच्या घरी सरगुंडे करत नाईत काय? तिकडं मानोऱ्याकडं रसासंगं शेवयाच खातात वाट्टे. बरं, बस. बस म्हंतो ना, घडीघडी उठून दाराकडं काय पाह्यतं? सांगतलं ना तुले, चंपी तिच्या मामासंगं मंगरूयच्या बाजाराले गेली. येईन सांजच्याले. तवरिक तुही यष्टी निंगून जाईन, तं जाईन, आपला काय इलाज? जवायाले सांग— पोरगी भेटली नाई. शाळेत नाव टाकाचं हाये म्हंता, तं पुढच्या साली टाका. शाळा काय पयून चालली?

बाया मले काय म्हंतात मालूम हाये? बुढे, तुही रामी गेली, पन तिच्या जाग्यावर लेक आली. जागा! जागा काय यष्टीतली हाये, एक उतरली का दुसरी बसली? माही लेक रामी दुष्कायाच्या साली खडी फोडाच्या कामावरून ताप घेऊन आली, ते उठलीच नाई. तिची चंपी तवा रांगे. म्या वाढवली तिले, ह्याच ओट्यावर. मंग जवायानं तुह्याशी दुसरं लगन लावलं, हिवायात पोरीले घेऊन गेले, उन्हायात म्या हातापाया पडून मागून आनली. आन् आता तू आली, गयात माह्या रामीच्या नावाचा चांदीचा टाक घालून— अवं झाकतं कायले? पद्धतच हाये, पह्यलीचा टाक दुसरीनं घालाचाच असते. तुहा काय दोष? मीबी पद्धतीनं तुले लेक म्हंतो, लुगडं घेऊन ठेवलं तुह्यासाठी, जातानी नेजो. पन तोंडानं लेक म्हननं सोपं हाये बाई. मन आयकत नाई.

ते पाह्य, कोपऱ्यात. उन्हायाभर हेच चाललं आमच्या दोघीचं. जुने पेपर मेथ्यासंगं भिजू घातले, उखयात कांडले, घागरीवर थापून टोपल्या केल्या— ते एका बाजूनं बसली ना, ते चंपीची. जवारीच्या धांड्याची गाडी केली. मातीचे बैल केले, त्याइचे शिंगं वायता वायता गयून पडले, तं म्हने आजी, असू दे, ह्या गाई बिनशिंगाच्या हायेत! बाभयीचा डिंक भिजोला का लेई होते, हे तिचं तिनंच शोधून काढलं आन् मलेच शिकवे, जशी मी आता जल्मली. असं खिदयत राहे घर. आन् एक डाव धांड्याच्या सालटीनं बोट कापलं तिचं. रगत पाह्यलं आन् असा भोंगा पसरला! आन् हाक मारली कोनाले—

मलेच मारली. आजीलेच मारन, आनखी कोनाले? तू कनीक मय.

अखाजीची गोठ सांगतो तुले. आमच्यात त्या दिवशी मेल्या मान्साइले ताट वाढतात, पाटावर, रांगेनं— सासऱ्याचं, सासूचं, आन् शेवटी रामीचं. लेकीचं ताट मायनं वाढावं, देवा! वाढलं. पान्याचा तांब्या आनाले गेली, येऊन पाह्यतो तं रामीच्या ताटाजवय आनखी एक. पयसाच्या पानाची पत्रावय, तिचीच शिवलेली, वाकडीतिकडी, आन् तिच्यावर रस न् सरगुंडे. कोनाचं वं हे, चंपे? तं म्हने, लिलाईचं. मले दोन आया हायेत ना आजी, एकीलेच काहून वाढलं? —थोबाडीत देल्ली म्या तिच्या! जितं मानूस मेल्याच्या रांगेत बसोतात काय? पत्रावय उचलली, गाईपुढं टाकली, आन् तुह्या नावानं मीठ-मोऱ्या उतरून चुलीत घातल्या. हो, तुह्याच नावानं. म्हनलं जशी हाये तशी जगू दे बाप्पा तिले, कोन्या मायची लेक हाये. आन् ते पोरगी रडून रडून काय सांगे मले— आजी, जे दूर गेले त्याइलेच ताट वाढतात ना, मंग लिलाईबी दूरच हाये ना?

...आता तू नोको रडू वं. कनकीत टिपं पाडतं.

बोट कापलं तवाबी तुलेच हाक मारली तिनं. लिलाई वं, लिलाई वं करत अंगनभर फिरली, मी हात धरू पाहे तं धरू देईना. तवाच समजलं मले. पन समजून काय करू? माह्याजवय रामीचं दुसरं काय हाये? तिचं नाक, तिचं फुगून बसनं, झोपीत दात खानं, सारं त्या पोरीत हाये. ते गेली का ह्या घरात आमचं बुढं खोकलते आन् मी आयकतो, बस. किती जीव जयते माहा, कोनाले सांगू? तुलेच सांगून राह्यली पाह्य, तुले! तू चांगली हाये वं. वाईट असती तं बरं झालं असतं, भांडून ठेवून घेतली असती पोरीले.

मंगरूयले नाई गेली ते. कोनता मामा न् कोनतं काय. तू फाट्यावर उतरली तवाच पाह्यली म्या तुले, आन् तिले शेजारच्या भागिरथाच्या घरात लोटली, भायेरून कडी घातली. सांगतलं, खेय उगीमुगी, कोनी आलं नाई. —अवं इथून हाक नोको मारू! माह्यासमोर नोको. तूच जा. लिंबाच्या अंगचं दार हाये, कडी काढ आन् तिकडूनच घेऊन जा तिले यष्टीवर. फराकं-बिराकं मी पाठवीन कोनासंगं. इकडं आनू नोको. गयात पडली माह्या तं मी सोडत नाई मंग, सांगून ठेवतो. जा, जा ना आता— हात धुवाले कायले थांबतं? तशीच जा.